छोट्या ट्रॅक्टरसाठी करून घेतलेली बंद केबिन: दिवाळी ते गणपती वापरानंतरचा अनुभव

आम्ही राहतो पुण्यात हडपसरला आणि आमची डाळिंब व सीताफळाची बाग आहे दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या पुढे. बागेसाठी २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे. या आकाराला बसणारी तयार केबिन आम्हाला मिळाली नाही. मोठ्या ट्रॅक्टरच्या वातानुकूलित केबिनचे भाव ऐकल्यावर तो विचार आपोआपच मागे पडला. मात्र उघड्यावर बसून ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राने, औषध मारणे चालू ठेवायचे नव्हते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हापासून घरात हा विषय निघतच होता. गेल्या दिवाळीनंतर केबिन बसवली. त्यानंतर आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या डाळिंबाच्या हंगामाच्या) फवारण्या, उन्हाळ्यातील रोटाव्हेटरची (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराची) कामे आणि यंदाचा पावसाळा, अशा तिन्ही प्रकारांत ती वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. काच आणि पत्रा हा केबिनचा सोपा भाग आहे. हवा कोठून आत यावी आणि कोठून बाहेर जावी हे आपल्या ताब्यात आणण्यातच निम्म्याहून अधिक श्रम गेले.

सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आहे. पाइपची जाडी १.६ मिलिमीटर असून त्याचे वजन मीटरमागे साधारण १.२ किलो भरते, त्यामुळे सगळा सांगाडा तीस किलोंच्या आत बसला. हडपसर औद्योगिक वसाहतीजवळचे एक फॅब्रिकेटर शेतावर येऊन मापे घेऊन गेले. पाइप कापून आणून त्यांनी ते ट्रॅक्टरवरच टॅक मारून, म्हणजे ठिपक्यांचे तात्पुरते वेल्डिंग करून, जुळवले आणि पक्के वेल्डिंग कारखान्यात नेऊन केले. ट्रॅक्टरवर टॅक मारताना बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडून ठेवाव्यात, नाहीतर अल्टरनेटरला धक्का बसण्याचा संभव असतो. काम पाहून त्यांचा कारागीर म्हणाला, "काका, केबिन करताय का कपाट?" आणि त्या अवस्थेतील सांगाडा पाहता त्याला दोष देता येत नव्हता.

ट्रॅक्टरला कारखान्यातूनच रोल बार, म्हणजे चालकाच्या मागची पोलादी कमान, आलेला आहे. त्यावर वेल्डिंग करायचे नाही आणि त्याला भोकही पाडायचे नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवले होते. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव त्या कमानीच्या ताकदीवर अवलंबून असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तेथील पोलाद कमकुवत होऊ शकते. म्हणून सांगाडा रोल बारला यू-बोल्टने आवळला आहे आणि पुढचे दोन खांब पायदानावर रबर माउंटिंगवर उभे आहेत. आपल्या पातळ पाइपची केबिन ऊन, धूळ आणि औषध अडवते. उलटणाऱ्या ट्रॅक्टरचे वजन ती पेलणार नाही, तेव्हा रोल बार आणि सीट बेल्ट यांना ती पर्याय समजू नये.

समोर ६ मिलिमीटरची लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच आहे आणि दोन्ही बाजूंना व मागे ४ मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक कडक प्लास्टिकचा पत्रा आहे. सगळीकडे पॉलिकार्बोनेट लावले असते तर वजन बरेच कमी झाले असते, कारण ४ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला पाच किलोंच्याही आत राहतो आणि ही काच पंधरा किलो भरते. परंतु वायपर फिरेल तेथे पॉलिकार्बोनेट टिकत नाही. धुळीवर वायपर चालला की त्यावर कमानीसारखे ओरखडे उठतात आणि उतरत्या उन्हात समोरचे काही दिसत नाही. टफन (भट्टीत तापवून कडक केलेल्या) काचेचाही विचार केला होता, पण ती एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. आमची मापे अखेरपर्यंत थोडी थोडी बदलत होती. लॅमिनेटेड काच काचवाल्याने दुकानातच मापाने कापून दिली.

पॉलिकार्बोनेट बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे त्याच्या बहुधा एकाच बाजूला उन्हापासून बचाव करणारा थर असतो. कोणती बाजू बाहेर ठेवायची हे वरच्या पातळ कागदावर छापलेले असते, म्हणून तो कागद बसवून झाल्याशिवाय सोलू नये. दुसरी म्हणजे उन्हात ते चांगलेच वाढते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर मीटरभर लांबीत सुमारे अडीच मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. आम्ही ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ९ मिलिमीटरची भोके पाडली, खाली-वर रबरी वायसर घातले आणि बोल्ट बेताने आवळले. एप्रिल-मे जाऊनही एकाही भोकापाशी तडा गेलेला नाही.

बागायतदारांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. तेल्या या डाळिंबाच्या रोगासाठी आपण मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतो, त्याचे निळसर पांढरे थेंब पॉलिकार्बोनेटवर वाळतात. ते कोरड्या फडक्याने पुसले तर त्यातील चुनाच पत्रा खरवडतो. आधी भरपूर पाणी मारून थेंब भिजून सुटू द्यावेत आणि मगच मऊ कापड फिरवावे. थिनर किंवा पेट्रोलचे फडके तर अजिबात लावू नये, कारण त्याने पत्रा पांढुरका होऊन आतून चिरतो. ईसी प्रकारच्या (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या) कीटकनाशकांत असलेले द्रावकही त्याला मानवत नाहीत, म्हणून फवारणी संपली की त्याच दिवशी केबिन धुण्याचा नेम ठेवला आहे. मोरचुदामुळे उघडे लोखंडही फार लवकर गंजते. सांगाड्याला रेड ऑक्साइड आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला आहे, तसेच प्रत्येक उभ्या पाइपच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोक ठेवले आहे.

या सगळ्यानंतर जी केबिन तयार झाली ती दिसायला बंद होती, पण रोटाव्हेटर लावून पहिली फेरी मारताच आत धुळीचा लोट आला. पुढे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि रोटाव्हेटरने उडवलेली माती नेमकी तेथेच तरंगत असते. मागच्या खिडकीच्या फटी, हायड्रॉलिक लिव्हरची खाच आणि पेडलभोवतीची मोकळी जागा यांतून ती आत ओढली जाते. आपण जितक्या फटी बुजवू तितका उरलेल्या फटींतून येणारा झोत जोरकस होतो. सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या करून हा प्रश्न सुटत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला, तर ज्या फटी राहतील त्यांतून हवा बाहेरच जाते आणि धुळीला वाट मिळत नाही.

त्यासाठी छताच्या पुढच्या भागात मोटारीच्या एसीचा १२ व्होल्टचा पंखा बसवला. तो मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात मिळाला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तेथे पंखा घेताना बॅटरी लावून फिरवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. हवा घेण्याचे तोंड मुद्दाम उंचावर आणि पुढे ठेवले आहे, कारण तेथे धूळ सर्वांत कमी असते. तोंडावर आधी बारीक जाळी आणि तिच्यामागे कागदी घड्यांचा कोरडा फिल्टर आहे. फिल्टर बाहेरून चार फुलपाखरी नट सोडून निघतो. तो आतून काढावा लागला असता तर त्याची धूळ केबिनमध्येच सांडली असती. पंख्याची वायर थेट बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून घेतली आहे. रिले, स्विच आणि वायरी तपकीर गल्लीतून आणल्या.

दाब खरोखर तयार होतो का, हे पाहण्यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी कामाला आली. केबिनमध्ये तोंड उघडे ठेवून रंगीत पाण्याची बाटली ठेवली, नळीचे एक टोक त्या पाण्यात बुडवले, नळी एका फळीवर दहास एक अशा उतारावर टेकवली आणि दुसरे टोक बाहेर काढून ती फट चिकटपट्टीने बंद केली. आत दाब वाढला की पाणी नळीत वर सरकते. आडव्या उतारामुळे एक मिलिमीटर उंचीचा फरक नळीवर दहा मिलिमीटर दिसतो, आणि एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १० पास्कल (दाबाचे एकक). सुरुवातीला पंखा पूर्ण वेगात असूनही पाणी जेमतेम हलले. मग नाना पेठेतून मोटारीच्या गिअर लिव्हरचे रबरी बूट आणून सर्व लिव्हरना चढवले, पेडलच्या खाचांना ब्रशपट्टी लावली आणि दारांना पोकळ रबराचे बीडिंग (फट बुजवणारी पट्टी) बसवले. त्यानंतर पाणी अडीच सेंटिमीटर सरकले, म्हणजे दाब २५ पास्कलच्या आसपास आला. त्या दिवसापासून रोटाव्हेटरच्या कामात डॅशबोर्डवर बोट फिरवले तरी धूळ लागत नाही.

मात्र एवढ्यावरून ही केबिन औषधापासून पूर्ण संरक्षण देते असे मी म्हणणार नाही. युरोपात ट्रॅक्टरच्या केबिनसाठी ईएन १५६९५ हे मानक आहे. त्यात केवळ धूळ अडवणारी, धुळीबरोबर फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब अडवणारी आणि त्यांखेरीज वाफही अडवणारी, असे केबिनचे वेगवेगळे वर्ग केलेले आहेत. वाफेसाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो कागदी फिल्टरच्या जागी नुसता ठोकून बसवता येत नाही. त्याच्या कडेने हवा निसटली तर तो असून नसल्यासारखाच. आमच्या केबिनमध्ये अंगावर तुषार येत नाहीत आणि डोळे चुरचुरत नाहीत, हा फरक मोठा आहे. तरीही उग्र औषध असेल तेव्हा चालक मास्क लावूनच बसतो. टाकीत औषध कालवताना घातलेले हातमोजे व अंगरखा बाहेरच काढून ठेवायचे हा नियमही आहे, नाहीतर आपणच औषध आत घेऊन जातो.

उन्हाळ्याचा अनुभव मध्यम आहे. छताला ३० मिलिमीटरचे पफ (उष्णता अडवणाऱ्या फोमचे) पॅनेल घातल्यामुळे डोक्यावर भट्टी पेटल्यासारखे होत नाही, पण पंखा बाहेरचीच हवा आत आणतो आणि मे महिन्यात दुपारी ती हवाच चाळिशीच्या घरात असते. त्यात गिअरबॉक्सची उष्णता पायाखालून येते. तेथे फोम आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घातल्यावर पायांचे भाजणे थांबले. एसी बसवावा असे अनेकांनी सुचवले. मोटारीचा कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती सहज खातो, आणि २४ अश्वशक्तीच्या इंजिनावर आधीच ब्लोअर चालत असताना तेवढी ताकद काढून घेणे मला पटत नाही. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवतो. पावसाळ्यात मात्र हाच पंखा फार उपयोगी पडला, कारण झोताचे एक तोंड समोरच्या काचेकडे वळवल्यावर काचेवर वाफ धरत नाही.

आवाजाबाबत तयारी ठेवावी. उघड्या ट्रॅक्टरचा आवाज आजूबाजूला पसरतो. भोवती पत्रे लावले की तेच पत्रे थरथरून घुमू लागतात. फोनवरच्या ॲपने कानाजवळ मोजले असता उघड्यावर ८८, केबिन बसवल्यावर ९३ आणि सुधारणांनंतर ८५ डेसिबल असे आकडे आले. फोनचे मापन प्रमाणित नसते, पण एकाच फोनने, एकाच इंजिनगतीवर घेतल्यामुळे तुलनेपुरते ते चालते. आठ तासांच्या कामासाठी ८५ ही मर्यादा साधारणपणे सांगितली जाते, तेव्हा कानाचे बोळे अजूनही घालतो. सर्वांत जास्त फरक पडला तो पुढच्या पत्र्याला मोटारीत लावतात तो डांबरी डॅम्पिंगचा (थरथर शोषून घेणारा) थर चिकटवल्याने आणि कडक रबर माउंटिंग बदलून मऊ बसवल्याने.

दाराच्या बिजागऱ्या पुढच्या खांबावर घ्याव्यात. मागच्या खांबावर घेतल्या तर चढणे-उतरणे सोपे होते, परंतु डाळिंबाची काटेरी फांदी दाराच्या मोकळ्या कडेत अडकते आणि पुढे जाताना दार उपटून काढते. पुढे बिजागरी असेल तर तीच फांदी दार लोटून बंद करते. दारे दोन आहेत आणि मागची खिडकीही आतून कडी सरकवून पूर्ण उघडते; एका कुशीवर पडलेल्या ट्रॅक्टरमधून बाहेर पडायला निदान एक वाट मोकळी राहिली पाहिजे. आतला रंग काळा व बिनचकाकीचा ठेवावा, कारण पांढऱ्या रंगाचे प्रतिबिंब संध्याकाळी दिवा लावला की काचेत समोरच उभे राहते. सायलेन्सरचे तोंड पंख्याच्या तोंडापासून दूर आणि उंच आहे ना, हेही शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एकदा वास घेऊन तपासावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. आमची केबिन सर्वस्वी नटबोल्टवर आहे आणि बागेतच वापरली जाते. ज्यांना ट्रॅक्टर रोज रस्त्यावर न्यायचा आहे त्यांनी आधी आरटीओत विचारून घ्यावे.

खर्च मजुरीसह पन्नास हजारांच्या घरात गेला. त्यातील मोठा वाटा काच, पॉलिकार्बोनेट आणि फॅब्रिकेटरची मजुरी यांचा होता. पंखा, बीडिंग आणि डॅम्पिंग तुलनेने स्वस्तात झाले, आणि आरामात फरक पडला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. मागच्या खिडकीचे पॉलिकार्बोनेट ब्लोअरच्या तुषारांमुळे टॉप लिंकच्या (अवजार जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) उंचीवर धूसर झाले आहे आणि मागे जोडलेले अवजार नीट दिसत नाही. तेथेही लॅमिनेटेड काच घालायची आहे. कडीची जागा त्यासाठी थोडी सरकवावी लागेल, म्हणून फॅब्रिकेटरना पुढच्या छाटणीनंतर बोलावले आहे.