इंटेलचा आय३-१२१००एफ प्रोसेसर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः शेवटच्या अक्षराविषयी

गेल्या महिन्यात एका सकाळी संगणक सुरू केला, पंखे फिरले, कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबताच लागला आणि विझलाही, परंतु पडदा काळाच राहिला. एका दिवाळी अंकाची ८० पाने त्याच दिवशी छापखान्यात जायची होती. रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, केबल बदलली आणि शेवटी ती मदरबोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचून पाहिली. तेथेही काही दिसले नाही, आणि दिसणारही नव्हते, कारण ग्राफिक कार्डाशिवाय पडद्यावर चित्र दाखवण्याची प्रोसेसरमधली सोय सोडून देऊनच मी खरेदीच्या वेळी २,००० रुपये वाचवले होते.

तेव्हा अंदाजपत्रक ३०,००० रुपयांचे होते आणि त्यातच कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), रॅम, एसएसडी सगळे बसवायचे होते. लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने फिरलो. १२१०० आणि १२१००एफ या दोन्हींत ४ कोअर, ८ थ्रेड, १२ एमबी कॅशे आणि ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंतचा वेग आहे. ‘एफ’मध्ये फक्त अंगभूत ग्राफिक्स बंद केलेले असते, त्यामुळे बोर्डावरची डिस्प्लेची पोर्टे नुसती शोभेची उरतात. मुलाच्या खेळांसाठी सेकंडहँड ग्राफिक कार्ड ३,५०० रुपयांत मिळत होतेच, तेव्हा एका घरात दोन चुली कशाला, असा हिशेब करून मी ‘एफ’ घेतला. ‘साहेब, कार्ड गेलं तर अडकाल,’ असे दुकानदाराने एकदा बजावले होते. तो महागडा माल गळ्यात मारतो आहे, असे मला वाटले.

पहिल्या तेरा महिन्यांत तक्रारीला जागा नव्हती. जुन्या संगणकावर अंकाची पीडीएफ होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. इथे खुर्चीवरून उठायलाही सवड मिळत नाही. प्रोसेसरसोबत आलेला पंखा मे महिन्यात थोडा गुरगुरतो, एवढेच.

आता बंद पडलेल्या कार्डाविषयी. सेवाकेंद्राच्या नोंदीत अनुक्रमांकानुसार हमीचे सात महिने शिल्लक होते, पण मूळ पावती मागितली गेली. विकणाऱ्याकडून ती मिळवून दुसऱ्या खेपेस गेलो, तर ‘कार्डावर गंज आहे, हमी लागू होत नाही,’ असे त्याच माणसाने सांगितले, ज्याने आधी पावती आणली की काम होईल म्हटले होते. दोन अर्धे दिवस बुडाले आणि अंकाचे उरलेले काम बाहेरून करून घ्यायला १,८०० रुपये मोजावे लागले. म्हणजे ‘एफ’ने वाचवलेल्या रकमेतले २०० रुपये अजून माझ्याकडे आहेत, प्रवासखर्च धरला नाही तर.

इथवरचा मजकूर रागाच्या भरात लिहिला होता आणि पाचांपैकी दोनच तारे दिले होते. त्यानंतर भाच्याने त्याच्याकडचे जुने, पंखाही नसलेले छोटे कार्ड आणून दिले. ते लावल्यावर पाने मांडणे, चित्रे बसवणे, पीडीएफ करणे, सगळे पूर्वीच्याच वेगाने चालू झाले. माझे काम सगळे प्रोसेसरच ओढत होता आणि मोठ्या कार्डाची गरज फक्त मुलाच्या खेळांना होती, हे मला चौदा महिन्यांनी कळले. म्हणून तारे चार करतो. पाचवा त्या अक्षरासाठी राखून ठेवला आहे.

ज्यांचा संगणक पोटापाण्याचा आहे, त्यांनी साधा १२१०० घ्यावा आणि कार्ड सवडीने, पावतीसह घ्यावे. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा, एएम४ प्रकारच्या बोर्डांसाठीचा प्रोसेसर पाहत असाल तर अक्षरांचा अर्थ उलटा लागतो: तेथे ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे आणि नुसत्या ५६००मध्ये नाही. हमीचे नवे कार्ड घेणारच असाल तर ‘एफ’ खुशाल घ्या, मात्र एखादे जुनेपाने कार्ड कपाटात असू द्या.

भाचा दिवाळीत येईल तेव्हा त्याचे कार्ड परत न्यायचे म्हणतो आहे. तसलेच एक मी १,२०० रुपयांना पाहून ठेवले आहे. पावती हवी असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे दुकानदार म्हणतो. या वेळी तो मी देणार आहे.