अपघात भरपाईच्या कंपनीचा १६ महिन्यांचा अनुभव: औषधांच्या बिलांवरही टक्केवारी!

परवा कंपनीचा हिशोब हातात आला. त्यातली एक ओळ वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

शिरवळजवळ ट्रकने ह्यांच्या टेम्पोला ठोकलं. डावा पाय तीन ठिकाणी मोडला, आत रॉड आहे. ह्यांना डिस्चार्ज मिळायच्या आतच या कंपनीचा मुलगा आला. "पैसे मिळाले तरच फी, २० टक्के." घरात तेव्हा दुधाचे पैसेही उधार होते. मी ह्यांना सही करायला लावली.

काम त्यांनी चोख केलं, ते आधी सांगते. त्या मुलाने पहिल्याच दिवशी मेडिकलची सगळी बिलं नेऊन झेरॉक्स काढून आणल्या. चार महिन्यांनी मी मूळ बिलं पिशवीतून काढली, तर निम्म्यांवरची अक्षरं उडालेली, नुसते गुळगुळीत पांढरे कागद. त्या झेरॉक्स बघून मला रडू आलं. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. यांनी तिसऱ्याच महिन्यात केला, तोही आमच्याच जिल्ह्यात.

अपंगत्वाच्या दाखल्यावर २२ टक्के आले तेव्हा मी खचले. वकिलांनी समजावलं की दाखल्यावरचा टक्का वेगळा आणि कमाईतलं नुकसान वेगळं. सुप्रीम कोर्टाचा २०११ चा तसा निकाल आहे. ड्रायव्हरचा क्लचचा पायच गेला, तर धंदा किती राहिला ते बघायचं. ह्यांचं वय ३८, म्हणून वर्षाच्या नुकसानीला १५ ने गुणायचं. हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

लोकअदालतीत विमा कंपनीशी ७,२०,००० वर तडजोड झाली. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे पैसेही लवकर खात्यात आले. आणि मग तो हिशोब: ७,२०,००० चे २० टक्के, १,४४,०००.

अहो, त्यात १,८६,००० दवाखान्याचे आणि औषधांचे आहेत! माझं मंगळसूत्र गहाण टाकून भरलेले. आमचेच पैसे आम्हाला परत मिळाले, त्यावर ३७,२०० रुपये कसले? बाकीच्या रकमेवर घ्या, ती त्यांची मेहनत आहे. मी हेच तीन वेळा ऑफिसात जाऊन सांगितलं. "करारात एकूण रक्कम लिहिलंय," एवढंच उत्तर. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून कंपनी तिला 'सेवा शुल्क' म्हणते. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेही मला नंतर कळलं.

शेवटी २०,००० कमी केले. १,२४,००० दिले, पावती घेतली. पाचपैकी तीन.

आता नणंदेच्या मुलाचा दावा आहे. त्यांची घरी सगळी धावपळ, प्राधिकरणाच्या खेपा घालणारं कुणी नाही, म्हणून याच कंपनीकडे दिला. कराराला मी स्वतः गेले, 'वैद्यकीय खर्च वगळून' हे शब्द पेनाने लिहून घेतले आणि त्या ओळीवर त्यांचा शिक्का मारून घेतला.