आठ बटणं, एकच खाच

जुन्या आगबोट कंपन्यांच्या गणवेशाची पितळी बटणं मी जमवतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा. पण त्यापायी माझे १४,५०० रुपये कसे गेले तेवढं वाचा.

जुन्या बाजारात एका रविवारी एकाने मला पी अँड ओ कंपनीचं बटण ६०० रुपयांना दिलं. अस्सल. ठसा मारलेला पातळ पत्रा, त्याची कड मागच्या चकतीवर वळवलेली, तारेची कडी आणि मागे लंडनच्या फर्मिन या बटणं बनवणाऱ्या कंपनीचं नाव. गळाला लावलेलं आमिष होतं ते, हे आता कळतंय.

आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून फोटो आला: व्हाइट स्टार लाइनची आठ बटणं, निशाणावर तारा. "काका, टायटॅनिकवाली कंपनी. मुंबईचा एक जण मागे लागलाय, पण आधी तुम्हाला विचारतो." ही कंपनी १९३४ मध्ये क्यूनार्डमध्ये विलीन झाली, तेव्हा बटणं त्याआधीचीच, असा हिशोब मीच करून टाकला. अर्धवट ज्ञान! मागच्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला, "पुठ्ठ्यावर शिवलीयत, उसवली की किंमत जाते." आणि मला ते पटलं. यूपीआयने पैसे पाठवले.

कुरियर उघडलं, तर बटणं नको इतकी जड. मागे नावाचा पत्ता नाही. तरी मन मानेना, म्हणून तांबट आळीतल्या ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्याने नखाने कड चाचपली. "काका, हे ठशाचं काम नाही, ओतलंय." मग आठही बटणं त्याने ओळीने मांडली. प्रत्येक ताऱ्याच्या डाव्या टोकाला तीच बारीक खाच. एका बटणाचा साचा काढलेला, त्यामुळे त्याची खाचही आठ वेळा उतरली. जुनेपणाचा काळपटपणा म्हणजे नुसता रंग; थिनरच्या बोळ्यावर निघून आला.

विकणाऱ्याचा फोन बंद. अशा वेळी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. मी लाजेकाजेस्तव अकरा दिवस घालवले. घरी अजून सांगितलेलं नाही.

परवा जुन्या बाजारात एक तरुण मुलगा मोबाइल पुढे करून विचारत होता, "काका, ही बटणं घेऊ का? पुठ्ठ्यावर शिवलेली आहेत." फोटो मोठा करून पाहिला. डाव्या टोकाला खाच होती.