यवतेश्वर घाटातल्या शर्यतीसाठी रेडियम जॅकेट: कोणतं कामाचं, कोणतं नुसतं चमकणारं

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातून धावणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तारीख जवळ आली की रेडियम जॅकेटची खरेदी सुरू होते. स्वयंसेवकांसाठी, पाण्याच्या टेबलावर उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी, पहाटे सरावाला जाणाऱ्या रनिंग ग्रुपसाठी. पण खरेदी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर उरकते: डझनाचा भाव काय? याच मॅरेथॉनने २०१५ मध्ये अडीच हजारांवर धावपटू डोंगर चढवून गिनीज बुकात नाव नोंदवलं होतं. एवढी माणसं आणि त्यांच्या गाड्या फटफटायच्या आधी शहरात फिरत असताना जॅकेट काय दर्जाचं आहे हा प्रश्न भावाच्या आधी यायला हवा. इथे बाजारात सहज मिळणारे तीन प्रकार, पायाच्या पट्ट्या आणि हातात धरायचा लाल दिव्याचा बॅटन यांचा विचार एकाच कसोटीवर केला आहे. अंधारात आणि पावसात गाडीवाल्याला माणूस वेळेत दिसतो का?

‘वेळेत’ म्हणजे किती, ते आधी पाहू. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद संपतो. त्यानंतर ओल्या डांबरावर गाडी थांबायला साधारण २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४० मीटर. गडद ट्रॅकसूट घातलेला माणूस डिपरच्या, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटच्या उजेडात जेमतेम ३० मीटरवर आला की नजरेत भरतो. हिशेब इथेच चुकतो, आणि यात चालकाने दारू प्यायलेली नाही, मोबाइल पाहिलेला नाही, वेगही बेताचाच आहे. चांगल्या रेडियमने माणूस दिसण्याचं हेच अंतर सरळ रस्त्यावर दीडशे मीटरच्या पुढे जातं.

पहिला प्रकार जाळीच्या जॅकेटचा. शंभराच्या आसपास मिळतं, घाऊक घेतलं तर आणखी स्वस्त. कापड पोपटी, वर इंचभर रुंदीच्या रुपेरी पट्ट्या. घेऊ नका. पट्टी चमकते, पण ते नुसतं चकचकीत प्लास्टिक असतं. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, गाडीवाल्याच्या डोळ्यांपर्यंत परत जात नाही. खऱ्या रेडियमचं काम नेमकं तेच असतं: उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवणं.

दुकानातच तपासता येतं. जॅकेट आठ-दहा मीटरवर, शक्यतो अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायला सांगा. मोबाइलचा टॉर्च कानशिलाला टेकवून, म्हणजे डोळ्याच्या अगदी जवळ धरून पट्टीवर मारा. अस्सल पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसते. आता डोळे तिथेच ठेवून टॉर्च कमरेपाशी न्या, उजेड मात्र पट्टीवरच राहू द्या. अस्सल पट्टी एकदम मंद होते. नकली पट्टी दोन्ही वेळा सारखीच करडी राहते. टॉर्च हातात पुढे धरून पाहिलं तर फरक नीट कळत नाही, आणि दुकानदार नेमकं तसंच दाखवतो.

दुसरा प्रकार कापडी जॅकेट, पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन इंची पट्टीचं. किंमत साधारण अडीचशे ते साडेतीनशे. पट्टीवर बारीक काचेचे मणी चिकटवलेले असतात, तेच उजेड परत फेकतात. आतल्या लेबलवर ‘आयएस १५८०९’ (भारतीय मानक) किंवा ‘ईएन आयएसओ २०४७१’ (आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं असावं आणि शेजारी वर्ग २ असावा. ईएन आयएसओच्या वर्ग २ मध्ये किमान ०.१३ चौरस मीटर रेडियम आणि अर्धा चौरस मीटर भडक कापड लागतं. दोन इंची पट्टी कमरेभोवती आणि दोन्ही खांद्यांवरून गेली की रेडियमची बेरीज साधारण भरते. कमरेला एकच पट्टी असलेलं जॅकेट तिथेच बाद. कोरड्या हवेत हा प्रकार उत्तम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या पहाटेच्या सरावाला, सायकल रॅलीला किंवा संध्याकाळच्या कुस्तीच्या मैदानाबाहेर पार्किंग लावणाऱ्या पोरांना याच्यापेक्षा भारी काही लागत नाही.

पण ही मॅरेथॉन पावसाळ्यात होते, आणि पावसात हाच प्रकार दगा देतो. उघड्या मण्यांवर पाण्याचा पापुद्रा बसला की उजेड वळायचा तसा वळत नाही आणि चमक बरीच उतरते. खात्री करायची असेल तर अर्ध्या पट्टीवर पाणी शिंपडून टॉर्चची तीच चाचणी घ्या. ओला भाग कुठून सुरू होतो ते रेघ मारल्यासारखं दिसतं.

म्हणून घाटासाठी पसंती तिसऱ्या प्रकाराला, पीव्हीसी प्रिझम पट्टीच्या जॅकेटला. पट्टी जवळून पाहिली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची नक्षी दिसते. तिच्यातले बारीक प्रिझम प्लास्टिकच्या थराखाली बंद असतात, त्यामुळे पाणी वरून ओघळून जातं आणि चमक टिकते. किंमत साडेतीनशे ते पाचशे. दोष आहेत. पट्टी ताठ असते, तिच्याखाली घाम साचतो, आणि पळताना काखेत घासते. उभं राहणाऱ्या स्वयंसेवकाला याचा त्रास नाही. धावणाऱ्याने मात्र हे घेऊ नये. त्याला हलका, दोन पट्ट्यांचा बेल्ट आणि पायाच्या पट्ट्या पुरतात.

साइज निवडताना सर्वात जास्त चुका होतात. जॅकेट अंगाच्या मापाचं घेतलं जातं, पहाटे भुरभुर सुरू होते, आणि स्वयंसेवक वरून काळा रेनकोट चढवतो. साडेचारशेचं जॅकेट आत, बाहेर काळोख. म्हणून स्वयंसेवकांसाठी सरसकट डबल एक्सेल घ्या, रेनकोटवरून चढेल असं. बाजूला वेल्क्रो हवा, नुसती चेन नको. एखाद्या दुचाकीच्या हँडलला किंवा आरशाला जॅकेट अडकलं तर वेल्क्रो सुटतो. चेनचं जॅकेट माणसाला ओढत नेतं. सॅक पाठीवर असेल तर मागची पट्टी झाकली जाते, तेव्हा सॅकवर वेगळी पट्टी चिकटवावी. धावपटूंचा बिब नंबरही छातीच्या पट्टीवरच टाचला जातो. तो खाली, पोटावर लावा.

रंगाबद्दल दुकानदार पोपटी पुढे करतो, कारण तोच जास्त खपतो. पोवई नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंतच्या शहरी रस्त्यावर पोपटी ठीक आहे. घाटात मात्र पावसाळ्यात सगळी डोंगरउतरण त्याच रंगाची झालेली असते आणि धुक्यात पोपटी माणूस गवतात विरघळतो. तिथे नारिंगी घ्या. कापडाचा भडकपणा दिवसाच्या उजेडावर चालतो, ढगाळ सकाळीसुद्धा छान चालतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली तो जवळपास निकामी असतो. काळोखात जे काही करायचं ते पट्टीच करते.

पायाच्या पट्ट्यांना फार कमी लोक पैसे देतात, आणि आमच्या मते सर्वात स्वस्तात सर्वात जास्त फायदा त्यांचाच आहे. छातीवरची चमक दुरून एखाद्या फलकासारखी किंवा उभ्या टेम्पोच्या रिफ्लेक्टरसारखी वाटू शकते. घोट्याच्या वर बांधलेल्या दोन पट्ट्या वर-खाली, पुढे-मागे हलतात आणि चालकाला लगेच कळतं की हा माणूस आहे, चालतोय. शिवाय डिपरचा उजेड खालीच जास्त पडतो, छातीपर्यंत पुरेसा पोचत नाही. हातावर फटकन गुंडाळणाऱ्या पट्ट्या टाळा. आतली पोलादी पाती ओल्याने गंजते आणि टोकाने प्लास्टिक फाडून बाहेर येते. इलॅस्टिक आणि वेल्क्रोची, पाच सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, दोन्ही पायांना बांधा.

आता रेडियमची मर्यादा. त्याला स्वतःचा उजेड नसतो, हेडलाइट अंगावर पडला तरच ते दिसतं. घाटातल्या वळणावर येणाऱ्या गाडीचा झोत सरळ कठड्याकडे किंवा दरीकडे जातो, वळणापलीकडच्या स्वयंसेवकावर पडतो तेव्हा गाडी पंधरा-वीस मीटरवर आलेली असते. तिथे पाच हजारांचं जॅकेटही उपयोगाचं नाही. म्हणून वळणाआधीच्या प्रत्येक जागी लाल एलईडी बॅटन हवाच. दोनशे ते चारशेला मिळतो. पेन्सिल सेलवर चालणारा घ्या, कारण सेल घाटातल्या टपरीवरही मिळतात. चार्जिंगचा बॅटन पहाटे चारला संपला तर संपला. स्विचवरचं रबर नीट बसलंय का पाहा, स्वस्त बॅटनमध्ये पाणी तिथूनच शिरतं. सेलच्या झाकणाच्या फटीवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली की काम भागतं. मिचमिचणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, पण तो किती लांब आहे हे कळत नाही. उभ्या स्वयंसेवकाने बॅटन स्थिर लाल ठेवून आडवा हलवावा. मिचमिच धावणाऱ्याच्या पाठीवर.

उभं कुठं राहायचं, हे जॅकेटच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. वळणावर नाही, वळणाच्या ५० मीटर अलीकडे, सरळ भागात. तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. ओल्या रस्त्यावर घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, तेव्हा बाहेरच्या कठड्याला टेकून बसणं ही सर्वात वाईट जागा. कठडा आणि रस्ता यांच्यात अडकून राहू नका. पाय मागे घ्यायला साइडपट्टी मोकळी असेल तीच जागा निवडा.

रस्ता बंद असतानाचा वेळ त्या मानाने सुरक्षित असतो. जॅकेटचं खरं काम त्याच्या आधी आणि नंतर. आधी, म्हणजे गाडी लावून पोलीस परेड ग्राउंडपर्यंत अंधारात चालत जाताना. धावपटू काळ्या जॅकेटमध्ये, कानात इअरफोन, आणि मागून पार्किंग शोधणाऱ्या अनोळखी गाड्या. नंतर, म्हणजे रस्ता टप्प्याटप्प्याने उघडताना. कासच्या फुलांचा हंगाम आणि रविवार जुळून आला तर खाली ताटकळलेल्या गाड्या एकदम सुटतात आणि शेवटचे धावपटू, टेबलं आवरणारी मुलं तेव्हा अजून घाटातच असतात. शेवटच्या धावपटूमागची गाडी आपल्या पुढे खाली जाईपर्यंत स्वयंसेवकाने जॅकेट काढू नये. ऊन पडलं, गरम होतंय, हे कारण नेहमी ऐकू येतं. जाळीच्या अस्तराचं जॅकेट घेतलं तर ते कारणही उरत नाही.

पुण्याकडे परत जाणाऱ्यांनी एक जॅकेट डिकीत नव्हे, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवावं. खंबाटकीत गाडी बंद पडली तर उतरण्याआधी ते अंगात असायला हवं. डिकीपर्यंत जाण्यातच धोका आहे. लाल त्रिकोण ५० मीटर मागे, आणि माणसं रेलिंगच्या पलीकडे. पहाटे तीनला उठून एकवीस किलोमीटर पळालेल्याने लगेच स्टिअरिंगवर बसू नये. ताशी ८० च्या वेगात एका डुलकीचा एक सेकंद म्हणजे २२ मीटर, डोळे मिटून. न पळालेला माणूस गाडी चालवायला सोबत आणा किंवा साताऱ्यातच तासभर झोपा.

वीस स्वयंसेवकांचा गट असेल तर बारा घाटात आणि आठ शहरात धरा: बारा प्रिझमची नारिंगी, आठ कापडी पोपटी, वीस जोड्या पायपट्ट्या, आठ बॅटन, दोन जादा सेलचे संच. आकडा दहा-बारा हजारांच्या आसपास जातो. एवढं परवडत नसेल तर शहरातली जॅकेटं कमी करा, घाटातले बॅटन कमी करू नका.

धुताना उलटं करून साध्या पाण्यात, साबण सौम्य, ब्लीच नाही, पट्टीवर इस्त्री तर कधीच नाही. लेबलवर किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकते तो आकडा दिलेला असतो, २५ वगैरे. सावलीत वाळवा, उन्हाने कापड फिकं पडतं. प्रिझमची जॅकेटं घडी घालून पोत्यात कोंबली तर पुढच्या वर्षी पट्ट्या घडीवरच तडकलेल्या निघतात. दोरीवर टांगून ठेवा. वाटपाच्या आठवडाभर आधी प्रत्येकाची टॉर्चची चाचणी पुन्हा घ्या. नापास झालेल्या जॅकेटच्या पट्ट्या कात्रीने कापूनच ते टाकून द्या, नाहीतर तेच जॅकेट पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतं.