ग्रिम फॅनडँगो रिमास्टर्ड: हेडफोन लावूनच खेळा

ग्रिम फॅनडँगो रिमास्टर्ड हा कॉम्प्युटर गेम परवा दुसऱ्यांदा पूर्ण केला. यावेळी एक ठरवून केलं, रोज गेम लावायच्या आधी जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मोबाइल लांब ठेवून. पाचच ट्रॅक आहेत, पाऊण तासात होतो. आणि खरं सांगते, पहिल्या वेळी या गेममधलं अर्धं माझ्या कानावरून नुसतं गेलं होतं हे आत्ता कळलं.

गेम मूळचा १९९८ चा, लुकासआर्ट्स या कंपनीत टिम शेफरने केलेला, हा रिमास्टर, म्हणजे त्याच गेमची सुधारलेली आवृत्ती, शेफरच्याच डबल फाइन कंपनीने २०१५ मध्ये काढला. मॅनी कॅलव्हेरा मेलेल्यांच्या दुनियेत ट्रॅव्हल एजंट आहे, नवीन आलेल्या आत्म्यांना पुढच्या प्रवासाची पॅकेजं विकतो. साध्या माणसाला चार वर्षं चालत जायचं, पण जो फार चांगलं जगला त्याला नंबर नाइन ट्रेन, चार वर्षांचा रस्ता चार मिनिटांत. मेचे नावाची बाई येते, तिला ही ट्रेन मिळायलाच हवी असते आणि मिळत नाही, तिथून सगळं सुरू. सगळी पात्रं सांगाडे आहेत, मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाच्या बाहुल्यांसारखे. आणि या मेलेल्यांनाही मारता येतं बरं का, गोळी लागली की हाडांतून फुलं उगवायला लागतात. फुलंच ती, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता मुद्द्याचं, म्हणजे संगीत. पीटर मॅकॉनेलचं आहे, जॅझ, स्विंग, मेक्सिकन बाज सगळं एकात मिसळलेलं, आणि रिमास्टरमध्ये ऑर्केस्ट्राचे भाग मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून नव्याने वाजवून घेतलेत. गेमची गोष्ट चार वर्षांच्या चार भागांत आहे, त्यातल्या दुसऱ्या वर्षात रुबाकावा नावाचं बंदर येतं, तिथे मॅनीचा स्वतःचा क्लब, पांढरा कोट घालून तो फिरतोय आणि ग्लॉटिस, तो धिप्पाड केशरी ड्रायव्हर, पियानोवर बसलाय. मी तिथे काहीही क्लिक न करता कितीतरी वेळ नुसती ऐकत बसले. काइंड ऑफ ब्लू सुरू होतो ना, आधी पियानो आणि बास चाचपडल्यासारखे, मग पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, ते कानात ताजं असलं की या क्लबमधलं प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू यायला लागतं.

त्या अल्बमची एक गोष्ट सांगायलाच हवी. तो १९५९ मध्ये न्यूयॉर्कला, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवशी रेकॉर्ड झाला. पहिल्या दिवशी टेपचं मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिले तीन ट्रॅक कित्येक वर्षं लोकांनी किंचित जलद आणि चढ्या सुरात ऐकले, वेग बरोबर केला तो १९९० नंतरच्या आवृत्त्यांत. माझ्या मते रिमास्टर म्हणजे हे, मूळ माणसांनी जे वाजवलं ते नीट कानापर्यंत आणणं.

या कसोटीवर गेम पास आहे, पण पूर्ण नाही. आवाज सुंदर, पात्रांवरचा उजेड-सावल्या छान, एका बटणावर जुनं-नवं रूप बदलून बघता येतं आणि मी ते सारखं करत होते. पण मागचे देखावे जवळजवळ जुनेच ठेवलेत, मोठ्या स्क्रीनवर ते धुरकट दिसतात आणि त्यांच्यापुढे चकचकीत मॅनी थोडा चिकटवल्यासारखा वाटतो. वस्तू काढायच्या तर मॅनी कोटात हात घालून एकेक दाखवणार, सामान वाढलं की याचा कंटाळा येतो. मात्र माउसने खेळता येतं हे फार बरं केलं, जुन्या कंट्रोल्सनी मॅनी रणगाड्यासारखा वळतो.

कोडी अवघड आहेत आणि गेममध्ये हिंटचं बटण नाही. जंगलातल्या पाटीचं कोडं मला आजही थोडं अन्यायाचं वाटतं. पण फोर्कलिफ्ट आणि लिफ्टचं जे कोडं आहे ते टायमिंगचं आहे, तिथे मी तासभर अडकले, वैतागून गेम बंद केला, अल्बमची पहिली बाजू परत लावली आणि दुसऱ्या ट्रॅकवर, ज्यात बाकी ट्रॅकवरच्या बिल इव्हान्सऐवजी विंटन केली पियानोवर आहे, अचानक डोक्यात आलं की अरे, लिफ्ट मध्येच थांबवायची! यापेक्षा जास्त सांगत नाही.

या गेममध्ये तुमच्या चुकीने मॅनी संपत नाही, त्यामुळे घाबरत खेळायची गरज नाही, हवं तिथे थांबा, हवं त्याच्याशी बोला. घ्यायचा असेल तर जरूर घ्या, लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र खेळू नका. एका संध्याकाळी एकच वर्ष, जमलं तर. आणि सेव्ह आठवणीने करत जा.