शेणखत म्हणून माती घेतली, तीही 30,200 ला

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, 40 माड आणि 300 पोफळी. माडाला 50 किलो, पोफळीला 12 धरलं तरी साडेपाच टनांच्या वर शेणखत लागतं. बाबांच्या वेळी गोठ्यात आठ गुरं होती, आता एकच गाय उरलीय, म्हणून घाटावरून मागवलं. शेतकरी असून शेण ओळखता येत नाही काय म्हणून हसू नका, सँपलची पिशवी आली ती एक नंबर होती, काळी, भुसभुशीत, चहापावडरीसारखी.

टिपरला 9,500, दोन टिपरचे 19,000, भाडं 7,000. 10,000 आधी जीपे केले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

सकाळी येणारे टिपर रात्री साडेआठला आले, त्यात लाईट गेलेली. मोबाईलच्या उजेडात वरची मूठ बघितली, मस्त खत. खाली हात घालणार तर ड्रायव्हर म्हणतो, दादा सोडा लवकर, चोर्ला घाट चढायचाय. आणि मी सोडलं! ओततानाचा आवाजसुद्धा धप्प असा, खत काय असं पडतं? कानाने ऐकलं आणि तरी 16,000 कॅश मोजले. रात्री माल उतरवूनच घेऊ नका.

सकाळी काकीने पायाने उकरलं, "हें शेण न्हय रे, माती." मी तिलाच गप्प केलं आणि दोन माणसं तीन दिवस लावून झाडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत घातलं, मजुरी 4,200. पहिल्याच पावसात आळ्यांतून तांबडं पाणी, वर भाताचं तूस तरंगतंय.

पोलीस म्हणाले बिल आणा. शेणाचं बिल कोण देतो हो? जीपेचा स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणे माल तर मिळाला ना, कृषी ऑफिसात जा. तिथे साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला जेवायला, तिसऱ्या खेपेला भेटले आणि म्हणाले खाजगी व्यवहारात आम्ही काय करणार, वर सल्ला की गुरं पाळा. कृषी कार्ड, जमिनीचा एक-चौदाचा उतारा सगळं फाईलला लावून नेलं होतं, कोणी उघडलं पण नाही.

बादलीभर पाण्यात मूठभर टाकून ढवळा, माती लगेच तळाला बसते. मूठ मधली घ्या, वरची नको. आणि स्वस्त म्हणून कच्चं शेणही घेऊ नका, त्याच्या ढिगात गेंड्या भुंगा वाढतो, मग माडाचे कोंब गेले.

परवा मेव्हण्याच्या फोनवरून त्याच खतवाल्याच्या नंबरला लावला. "एकदम कुजलेलं आहे दादा, टिपरला 10,000."