कायद्यात बसणारी काचेची फिल्म: दहा महिन्यांनंतर

दहा महिन्यांपूर्वी गाडीच्या चारही दारांच्या काचांना सिरॅमिक फिल्म, म्हणजे ऊन अडवणारा पातळ पारदर्शक थर, बसवून घेतली. कडक ऊन, मुसळधार पाऊस, रात्रीचे लांबचे प्रवास असं सगळं त्यानंतर झालं, म्हणून आता खात्रीने लिहितो आहे.

खरं तर ही माझी दुसरी फिल्म. पहिली तीन आठवडेच राहिली, आणि ती चूक आधी सांगायला हवी. माझ्या गाडीला लागू असलेल्या नियमानुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. बसवणाऱ्याने ५०ची, म्हणजे ५० टक्के उजेड आत सोडणारी, फिल्म पुढे केली आणि म्हणाला, "एकदम नियमात बसते." मी विश्वास ठेवला. पण गाडीची मूळ काच कोरी नसते; बहुतेक काचांना कारखान्यातूनच हलकी हिरवट झाक असते. माझ्या काचेतून फिल्म लावण्याआधीच ७६ टक्के उजेड येत होता. त्यावर ५०ची फिल्म चढली की ७६चे निम्मे, म्हणजे ३८. नियम पाहतो तो काच आणि फिल्म मिळून येणारा आकडा, आणि तो गुणाकाराने निघतो. नंतर दुसऱ्या ठिकाणी उजेड मोजणारा मीटर लावला, ३८ दिसले आणि पोटात गोळाच आला. ती फिल्म वाफ देऊन सोलून काढावी लागली, मागे राहिलेला गोंद पुसण्यात अख्खी दुपार गेली, आणि पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या वेळी आधी उघड्या काचेचं मोजमाप घेतलं, मग फिल्म निवडली. ७६ गुणिले ७० टक्के म्हणजे साधारण ५३. मीटरही तेच म्हणाला. तीन टक्क्यांची मोकळीक राहिली हे बरं झालं, कारण काच मळकट असली तरी मीटरचा आकडा खाली येतो.

समोरच्या काचेला मात्र काहीच लावलं नाही. तिथे मर्यादा ७०ची आहे आणि माझी काच ७७ भरली. अगदी ९०ची, डोळ्यांना दिसणारही नाही अशी फिल्म लावली तरी ६९ होतात. शिवाय समोरची काच दोन थरांची असते आणि मधला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरण जवळपास सगळेच अडवतो. खरी गरज बाजूच्या काचांना असते.

आपल्याकडचा नियम स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. ब्रिटनमध्ये समोरच्या काचेला ७५ आणि पुढच्या दारांना ७० टक्के लागतात, मागच्या काचांना मर्यादाच नाही. भारतात पुढच्या आणि मागच्या काचेला ७०, बाजूला ५०. त्यातही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून चिकटवलेल्या फिल्मवर सरसकट बंदी आणली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलून १ एप्रिल २०२१पासून मानकात बसणाऱ्या प्लॅस्टिक थराच्या काचेला जागा मिळाली आणि २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतली फिल्म चालेल असा निकाल दिला. नियम इतक्या वेळा हलतो म्हटल्यावर फिल्मचं प्रमाणपत्र आणि बिल गाडीतच ठेवलेलं बरं. मला एकदा थांबवलं होतं. काच अर्धी खाली घेऊन मीटर दोन्ही बाजूंनी लावला, ५२ आले, कागद पाहिले आणि दोन मिनिटांत सोडलं.

आता मुद्द्याचं: इतक्या उजळ फिल्मने ऊन थांबतं का? थांबतं, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. गडद म्हणजे थंड हा समज मनातून काढून टाका. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांत असते, डोळ्यांना ती दिसतच नाही. चांगली सिरॅमिक फिल्म उजेड आत येऊ देते आणि नेमका तो भाग अडवते. साधी रंगवलेली फिल्म काळी दिसते, पण उष्णता बरीच आत सोडते आणि काही वर्षांत जांभळट पडते. माझा खिडकीकडचा हात पूर्वी तासाभराच्या प्रवासात भाजल्यासारखा व्हायचा, मी बाही खाली ओढून बसायचो. आता तो हात दिवसभर तसाच उघडा असतो. मागे झोपलेल्या मुलीच्या गालावर ऊन पडलं की पूर्वी टॉवेल अडकवायला गाडी थांबवावी लागे. तो टॉवेल आता डिकीत पडून आहे.

पण उभ्या गाडीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. चार तास उन्हात ठेवली तर स्टिअरिंग चटका देणारच. फिल्म बरीचशी उष्णता स्वतःत शोषून घेते, काच तापते आणि त्यातला काही भाग आत सोडते. गाडी धावत असली की बाहेरचा वारा ती उष्णता घेऊन जातो, म्हणून फरक चालत्या गाडीत जास्त जाणवतो. एसी मात्र खूप लवकर गार करतो आणि पंखा दोनवर पुरतो.

दुकानात दिव्याखाली हात धरायला लावतात, तो प्रयोग पाहून भुलू नका. त्यात अवरक्त किरणांचा छोटासा पट्टा तपासला जातो. विचारायचा आकडा एकच: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते. "९५ टक्के उष्णता रोखते" असं लिहिलेल्या डब्यावर बारीक अक्षरांत टीएसईआर पन्नासच्या आत निघालेला मी स्वतः पाहिला आहे. धातूचा थर असलेली फिल्मही टाळली, कारण तिने मोबाइल आणि जीपीएसचा सिग्नल कमी होऊ शकतो. सिरॅमिकला तो त्रास नाही.

रात्रीचं बाबांकडून कळलं. ३८ असताना ते प्रत्येक वळणावर म्हणायचे, "काच खाली घे रे, काही दिसत नाही." पावसात गाडी मागे घेताना मलाही आरसा काळा भासायचा. ५३ झाल्यापासून त्यांनी एकदाही काच उतरवायला सांगितलेली नाही. पायी चालणाऱ्याला माझे डोळे दिसतात, तो थांबायचं की जायचं ते ठरवू शकतो. हे मी आधी कधी मोजलंच नव्हतं.

बसवताना शेजारी उभा राहिलो होतो. साबणाचं पाणी मारून फिल्म सरकवतात, रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलतात, हीट गनने कडा बसवतात. पहिले दोन आठवडे काचेवर दुधाळ ठिपके आणि पाण्याचे बारीक फुगे दिसतात, घाबरू नका, ते सुकतात. पाच दिवस काच खाली घ्यायची नाही. मी बटणांवर चिकटपट्टीच लावली होती. अमोनियाचा काच-क्लीनर वापरू नका, साधं पाणी आणि मायक्रोफायबर कापड पुरतं.

दहा महिन्यांत एकच दोष दिसला. चालकाच्या काचेवर उभा, केसासारखा ओरखडा, दाराच्या खाचेतल्या धुळीमुळे पडलेला. आता ती खाच दर आठवड्याला ब्रशने साफ करतो.